एअर बेड, दोन हँडलचा पलंग आणि मावशी : आईच्या डिमेन्शियात कशाचा उपयोग झाला

घरात डिमेन्शियाचा पेशंट अंथरुणाला खिळलाय आणि कोल्हापुरात बेड, एअर बेड, डायपर, दिवसाची मावशी अशी शोधाशोध चालू आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. दुकानांची आणि मावशी पाठवणाऱ्या ब्युरोंची नावं देत नाही. तिथली माणसं बदलत राहतात, आज आलेला चांगला अनुभव उद्या येईलच असं नाही. वस्तू कशी पारखायची आणि मावशींचं काम कसं ओळखायचं, हे मात्र बदलत नाही. म्हणून त्यावरच लिहितो.

मी शिरोलीला एका फौंड्रीत मेंटेनन्सला आहे. पंप, कॉम्प्रेसर आणि व्हॉल्व्ह यांच्यातच नोकरी गेली, त्यामुळं घरात कुठलीही वस्तू आली की ती चालते कशी हे आधी बघतो. आई ८१ वर्षांची. कपिलतीर्थ मार्केटात तिनं तीसेक वर्षं भाजी विकली. अल्झायमरचं, म्हणजे डिमेन्शियाच्याच एका प्रकाराचं, निदान होऊन सात-आठ वर्षं झाली. सध्या ती सातव्या टप्प्यात आहे. डॉक्टरांकडं 'फास्ट' नावाची मोजपट्टी असते, तिच्यातला हा शेवटचा टप्पा. आधी बोलण्यात पाच-सहाच शब्द उरतात, मग एखादाच. मग चालणं जातं, मग आधाराशिवाय बसणं, मग हसणं आणि शेवटी मान धरणं. डॉक्टरांनी हा क्रम सांगितला तेव्हा आई घरात फिरत होती, त्यामुळं ऐकून घेतलं आणि विषय सोडून दिला. पुढं सगळं त्याच क्रमानं आलं. मागच्या दिवाळीला ती भिंतीला टेकून बसायची. आता उशी लावली तरी एका अंगाला कलते. बोलण्यात 'हं' तेवढं राहिलंय. हसू अजून आहे, पण ते कधी येईल आणि कशानं येईल ते कुणालाच सांगता येत नाही.

या टप्प्याला काहीही घेताना मी दोनच गोष्टी बघतो. यानं आईला दुखायचं कमी होईल का, आणि तिचा घास सुखानं पोटात जाईल का? ती उठून बसेल, परत ओळखायला लागेल, असं सांगून कुणी तेल, काढा, यंत्र काहीही विकत असेल तर त्याच्याकडं एक रुपया देऊ नका. तो पैसा खाली लिहिलेल्या गोष्टींना लागणार आहे.

पहिल्यांदा पलंग. भाड्यानं मिळतो. आम्हाला महिन्याला अडीच हजार आणि पाच हजार डिपॉझिट असा पडला. दुकानात दोन प्रकार दाखवतात. सेमी फाऊलर म्हणजे एका हँडलचा, त्यात फक्त पाठ वर होते. फाऊलर म्हणजे दोन हँडलचा, त्यात पाठ आणि गुडघे दोन्ही वर होतात. पाच-सातशे रुपयांच्या फरकासाठी बरेच जण एका हँडलचा घेतात. डिमेन्शियाच्या पेशंटला दोन हँडलचाच घ्या. नुसती पाठ वर केली की पेशंट पायथ्याकडं घसरतो. घसरताना माकडहाडावरची कातडी गादीला चिकटून जागेवर राहते आणि आतलं हाड खाली सरकतं. जखमेची सुरुवात तिथंच होते. आधी गुडघे थोडे वर घ्यायचे, मग पाठ उचलायची, म्हणजे पेशंट जागेवर राहतो. खाली उतरवताना उलटं करायचं. पलंग पोचवायला आलेल्या पोराला हे माहीत नव्हतं. तो हँडल फिरवून दाखवून गेला, बस्स.

आमचं घर शुक्रवार पेठेत, बोळातलं. रिक्षासुद्धा तोंडाशीच थांबते. अशा ठिकाणी पलंग सुटा होऊन येतो का, ते आधी विचारा. डोक्याकडची आणि पायाकडची फळी निघाली तर दारातून आडवा घेता येतो. चाकांचे ब्रेक चारही आहेत का ते बघा, दोनच असले तर भरवताना पलंग फिरतो. बाजूचे कठडे खाली-वर होतात का आणि गादी व कठडा यांच्यात किती फट राहते तेही बघा. आमच्या गादीशेजारी चांगली वीतभर फट होती. तिथं डोकं किंवा हात अडकू शकतो. दुकानदाराला सांगून रुंद गादी मागवून घेतली, त्यानं काही कटकट केली नाही.

आता एअर बेड. बेडसोअर, म्हणजे एकाच जागी पडून होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून डॉक्टर लिहून देतात तोच. हा भाड्यानं घेऊ नका, विकतच घ्या. चार हजारांच्या आत बऱ्यापैकी मिळतो. शिवाय दुसऱ्या कुणाच्या जखमांखाली राहिलेली गादी आपल्या माणसाखाली घालाविशी वाटत नाही. आमचा बुडबुड्यांचा आहे. छोटा पंप पायाकडच्या फळीला अडकवायचा, त्यातून दोन नळ्या निघतात. एका नळीचे फुगे भरतात तेव्हा दुसरीचे सैल होतात आणि काही मिनिटांनी उलटं होतं. म्हणजे अंगाच्या कुठल्याही एका जागेवर सतत भार राहत नाही. यंत्र साधं आहे, बिघडण्यासारखं त्यात फारसं काही नाही. वजन जास्त असेल तर आडव्या नळकांड्यांचा येतो तो बरा. आई आता चाळीस किलोच्याही आत आहे, तिला बुडबुड्यांचा पुरतो.

पंपावर प्रेशरचं बटण असतं आणि बहुतेक घरी ते पूर्ण फिरवून ठेवलेलं असतं. दुकानदारही 'फुल ठेवा' म्हणून सांगतो. हलक्या पेशंटला फुल प्रेशर म्हणजे फळीवर झोपवल्यासारखं. बरोबर प्रेशर हातानं ओळखायचं. पेशंट झोपलेला असताना त्याच्या कमरेखाली, एअर बेड आणि खालची गादी यांच्यामध्ये, तळवा वर ठेवून पंजा सरकवायचा. कंबर हाताला टेकली तर हवा कमी. मध्ये साधारण इंचभर हवा राहिली तर ठीक. काहीच दबत नसेल, टणक लागत असेल, तर बटण मागं घ्या. मी रोज सकाळी कामाला जायच्या आधी एवढं बघूनच घराबाहेर पडतो.

वरून एकच सुती चादर घाला. घराघरांत मायेपोटी वर गोधडी घालतात, त्यावर प्लॅस्टिक, त्यावर आणखी चादर. मग खालच्या फुग्यांचा काही उपयोगच उरत नाही आणि प्लॅस्टिकनं घाम येऊन कातडी ओली राहते. सासूला थंडी वाजेल म्हणून बायकोलाही जाड गोधडी घालाविशी वाटायची. ती गोधडी आता अंगावर पांघरतो, अंगाखाली नाही.

वीज गेली की पंप थांबतो आणि हळूहळू हवा उतरते. पंप दहा वॅटच्या आसपासच घेतो, त्यामुळं घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्यावर निवांत चालतो. इन्व्हर्टर नसेल तर नळ्या पंपापासून काढून, दुमडून घट्ट बांधल्या तरी बराच वेळ हवा टिकते. बेडबरोबर पंक्चरचे तुकडे येतात ते टाकून देऊ नका. नखं आणि बांगड्यांपासून गादी जपा.

एअर बेडबद्दल माझं स्पष्ट मत असं : वस्तू चांगली आहे, घ्याच, पण तो माणसाची जागा घेत नाही. कूस बदलावीच लागते. दर दोन तासांनी बदलायची हा जुना नियम आहे. एअर बेड असल्यामुळं आणि आईची कातडी चांगली राहिल्यामुळं डॉक्टरांनी आम्हाला रात्री थोडी सूट दिली, पण ती त्यांनी बघून दिली, आम्ही आमच्या मनानं घेतली नाही. पूर्ण कुशीवर वळवायचं नाही, तसं केलं तर कमरेच्या बाजूच्या हाडावर सगळा भार येतो. पाठीमागं उशी लावून थोडंसंच तिरपं करायचं. दोन गुडघ्यांच्या मध्ये एक उशी, आणि पोटऱ्यांखाली एक, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. वर सरकवताना काखेत हात घालून ओढायचं नाही. अंगाखाली आडवी चादर ठेवायची आणि दोघांनी दोन बाजूंनी ती उचलायची.

सकाळी अंग पुसताना माकडहाड, कमरेच्या बाजू, टाचा, घोटे, खांदे आणि कानाची पाळी, एवढ्या जागा उजेडात बघा. पुस्तकात लिहितात की लाल डाग दिसतो आणि बोटानं दाबल्यावर पांढरा झाला नाही तर ती जखमेची पहिली पायरी. आपल्या सावळ्या अंगावर लाल रंग कळत नाही. तिथं कातडी जास्त काळपट किंवा जांभळट दिसते, हाताला गरम लागते, टणक किंवा उलट फार मऊ लागते. माझ्या आईच्या डाव्या टाचेला असा घट्टपणा मला बोटाला लागला, डोळ्याला काही दिसत नव्हतं. टाच अधांतरी ठेवायला लागल्यावर तो गेला. अशा जागेवर चोळायचं नाही. पूर्वी स्पिरिट लावून पावडर घासायचे, अजूनही काही मावशी येतात त्या तेच करायला बघतात. त्यानं कातडी कोरडी पडते आणि आतून दुखावते. मेडिकलमध्ये मिळणारी हवेची गोल रिंगही घेऊ नका. मधली जागा मोकळी राहते, पण कडेनं दाब पडून तिथला रक्तपुरवठा तुटतो.

डायपरचं थोडक्यात. पँटसारखे चढवायचे डायपर हिंडत्या-फिरत्या पेशंटला ठीक, झोपून असलेल्याला टेपचेच. खाली अंडरपॅड. ओला झाला की लगेच बदलायचा, 'अजून भरला नाही' म्हणून ठेवायचा नाही. कातडीला झिंक ऑक्साइडचं मलम. होलसेलला घेतले तर पैसे बऱ्यापैकी वाचतात, लक्ष्मीपुरीत चौकशी करा.

आता मावशी. सगळ्यात जास्त पैसा यातच जातो, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरकही त्यांनीच पडतो.

बारा तासांच्या मावशींचे दिवसाला सातशे रुपये पडतात, शिवाय ब्युरोचं नोंदणीचं वेगळं. ब्युरोत फोन केला की विचारतात, 'पेशंट चालता आहे का? वजन किती? नळी आहे का?' एवढ्यावर माणूस पाठवतात. आमच्याकडं पहिल्यांदा ज्या आल्या त्यांचं काम वाईट म्हणता येणार नाही, अंग पुसणं, डायपर, सगळं करायच्या. पण भरवायला बसल्या की पंधरा मिनिटांत वाटी रिकामी झाली पाहिजे असा खाक्या. गाल दाबून तोंड उघडायचं, चमचा आत, दुसरा चमचा तयार. आईला ठसका लागायचा, डोळ्यांत पाणी यायचं. ब्युरोला फोन केला तर म्हणाले, 'पोट तर भरतंय ना?' दुसरी बाई पाठवायलाही त्यांनी बरेच दिवस लावले. आमच्या शेजाऱ्यांनी मग करवीर तालुक्यातल्या एका मावशींचं सुचवलं. त्यांनी आपल्या सासूचं केलेलं होतं. त्या आल्या आणि घरातलं वातावरणच बदललं.

त्या भरवतात कसं ते सांगतो, कारण मी रजेच्या दिवशी समोर बसून बघितलंय आणि शिकलोय. आधी पलंगाची पाठ जवळजवळ सरळ करतात, मानेमागं उशी, हनुवटी किंचित खाली. स्वतः खुर्ची घेऊन आईच्या डोळ्यांच्या उंचीला बसतात, उभ्यानं कधीच भरवत नाहीत. टीव्ही बंद. वाटी आईच्या नाकाखाली धरतात, वास जाऊ देतात. मग चमचा अर्धाच भरून खालच्या ओठाला लावतात आणि थांबतात. मी एकदा घाई केली तर म्हणाल्या, "दादा, चमचा रिकामा करायची गडबड नगं. व्हटाला लावायचा आन थांबायचं. त्यास्नी त्वांड उघडायचं ध्यानात आलं की त्या आपसुक उघडत्यात. मी काय रोज बघतो न्हवं."

आणि खरंच तसं होतं. ओठ हलतो, जीभ थोडी पुढं येते, मग तोंड उघडतं. घास आत गेला की मावशी तोंडाकडं बघत नाहीत, गळ्याकडं बघतात. कंठ वर जाऊन खाली आला की घास उतरला. तो हलेपर्यंत दुसरा चमचा नाही. कधीकधी आई घास तोंडात धरून तशीच राहते, गिळायचं विसरते. तेव्हा त्या रिकामा चमचा परत ओठाला लावतात, की ती गिळते. तीन-चार घासांनंतर आई तोंड फिरवते. मावशी वाटी खाली ठेवतात, पाच मिनिटं केसांतून हात फिरवतात, परत विचारतात, "घेतासा व्हय अजून जरा?" कधी घेते, कधी नाही. नाही तर नाही. भरवून झाल्यावर गालात काही राहिलंय का ते बोटाला ओलं फडकं गुंडाळून बघतात, आणि अर्धा तास पाठ खाली करत नाहीत. एका जेवणाला पाऊण तास जातो. ब्युरोशी बोलताना मी आता कुणालाही एवढाच प्रश्न विचारायला सांगतो : भरवायला किती वेळ देता? 'दहा-पंधरा मिनिटं' म्हणाल्या की दुसरी मावशी बघा.

काय भरवायचं तेही यांनीच बसवून दिलं. नुसतं पाणी सगळ्यात अवघड, ते पातळ असल्यामुळं घशात पटकन पळतं आणि चुकीच्या नळीत जातं. नाचणीची आंबील, गाळलेली आणि चमच्यावरून सावकाश पडेल इतपत दाट, ती बरोबर जाते. मऊ भात मिक्सरला फिरवून, वर तूप. केळं कुस्करून, रताळं, दाट दही. गंगावेशीतून म्हशीचं दूध येतं, त्याची रव्याची खीर. आमटी-भात कालवून मात्र नाही, एकाच घासात पातळ आणि घट्ट दोन्ही असलं की ठसका हमखास. पाणी दाट करायची पावडर मेडिकलमध्ये मिळते, महाग आहे, पण औषधाच्या पाण्यासाठी ठेवलीय. आईला पांढरा रस्सा फार आवडायचा. रविवारी रस्सा थोडा दाट करून दोन-चार चमचे देतो. तेवढे ती विनातक्रार घेते.

नाकातून पोटात अन्न जायला घालतात त्या नळीबद्दल लिहायलाच पाहिजे, कारण हा प्रश्न प्रत्येक घरी येतो आणि त्यावरून घरं भांडतात.

पावसाळ्यात आईला न्यूमोनिया झाला आणि अॅडमिट करावं लागलं. ती ग्लानीत होती, तेव्हा नाकातून नळी घातली. शुद्धीवर आल्यावर तिनं ती ओढून काढली. परत घातली आणि परत ओढू नये म्हणून दोन्ही हात पट्टीनं कठड्याला बांधले. मी कामावरून वॉर्डात पोचलो तेव्हा आई मनगट फिरवत होती आणि पट्टीखाली कातडी लाल झाली होती. दवाखान्याचं नाव घेणार नाही, असं बऱ्याच ठिकाणी करतात. घरी जाताना नळी ठेवूनच न्या म्हणाले, सहा-सहा महिने लोक ठेवतात म्हणाले.

माझी थोरली बहीण, आमची आक्का, इचलकरंजीला असते. तिचं म्हणणं, नळी काढली तर आई उपाशी मरेल, आणि ते पाप आपल्या माथ्यावर येईल. मामांचंही तेच. मी आमच्या न्यूरॉलॉजिस्टकडं आक्काला बरोबर घेऊन गेलो. त्यांनी शांतपणे जे सांगितलं ते इथं लिहितो, मी नंतर स्वतःही वाचलं.

डिमेन्शियाच्या शेवटच्या टप्प्यात नळीनं अन्न दिल्यामुळं आयुष्य वाढतं, फुप्फुसात अन्न जाऊन होणारा न्यूमोनिया टळतो किंवा बेडसोअर भरून येतात, असा पुरावा नाही. १९९९ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तोवरचे सगळे अभ्यास एकत्र तपासून हे मांडलं. तिथली वृद्धांच्या डॉक्टरांची संघटना, अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी, अशा पेशंटला नळी घालू नका, हातानं सावकाश भरवा, असंच सांगते. नळी असली तरी तोंडातली लाळ आणि पोटातून वर आलेलं अन्न फुप्फुसात जायचं थांबत नाही. २००९ साली नर्सिंग होममधल्या ३२३ पेशंटचा १८ महिने पाठपुरावा केलेला एक अभ्यास छापून आला. त्या काळात निम्म्याहून जास्त पेशंट गेले, आणि शंभरातल्या ८६ जणांना खाण्या-गिळण्याची अडचण आली. खाणं कमी होणं हा आजाराचाच भाग आहे. डॉक्टर आक्काला म्हणाले, "ताई, त्या खात नाहीत म्हणून जात नाहीयेत. त्या जायला लागल्यात म्हणून त्यांचं खाणं कमी होतंय." आक्का तिथं रडली. गाडीत बसल्यावर म्हणाली, "काढूया नळी."

हे प्रत्येक पेशंटला लागू नाही. पक्षाघात झालाय आणि माणूस सुधारणार आहे, किंवा चार दिवसांची ग्लानी आहे, तिथं नळीचा उपयोग आहे. तुमच्या डॉक्टरांशी बोला. पण बोलताना 'नळीनं काय साधणार?' हे विचारा. नुसतं 'घालायची का' एवढंच विचारलं तर उत्तर बहुतेक वेळा 'घाला' असंच येतं.

पैशाचं एक सांगतो, कारण यात बऱ्याच जणांचा समज वेगळा असतो. ७० वर्षांवरच्या सगळ्यांना २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान कार्ड मिळतं, वर्षाला पाच लाखांपर्यंत. आईचंही काढलंय. ते दवाखान्यात अॅडमिट झाल्यावर चालतं. पलंग, एअर बेड, डायपर, मावशी, यातलं काहीही त्यात बसत नाही. म्हणजे माणूस दवाखान्यात नेला तर सरकार पैसे देतं आणि घरी नीट सांभाळला तर सगळं खिशातून जातं. हे बदललं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. देशात साठीवरच्या शंभरातल्या सात जणांना डिमेन्शिया आहे, म्हणजे ८८ लाख माणसं, असा २०२३ साली छापून आलेला अंदाज आहे. एवढ्या घरांतल्या सुना, लेकी आणि मुलगे हे काम करतायत. ज्येष्ठांसाठी सरकारची १४५६७ ही हेल्पलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत, माहितीसाठी करून बघा.

दुखण्याबद्दल. आईला कुठं दुखतंय ते सांगता येत नाही, पण दुखत असतं. गुडघे आखडलेत, हाताच्या मुठी वळल्यात. मुठीत नखं रुतू नयेत म्हणून छोट्या नॅपकिनची गुंडाळी देतो आणि नखं बारीक कापतो. डॉक्टरांनी एक कागद दिलाय, तो पलंगाशेजारच्या भिंतीवर चिकटवलाय. श्वास, तोंडातून येणारा आवाज, चेहरा, अंगाची हालचाल आणि समजूत काढल्यावर शांत होते का, या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण द्यायचे. बेरीज वाढली की काहीतरी दुखतंय. कूस बदलताना कपाळाला आठ्या येत होत्या, कण्हत होती, तेव्हा गुण सहाच्या वर जायचे. डॉक्टरांनी अंग पुसायच्या अर्धा तास आधी पॅरासिटामॉल द्यायला सांगितलं. तेवढ्या साध्या गोळीनं गुण निम्म्यावर आले. हा कागद तुमच्या डॉक्टरांकडून मागून घ्या. मावशींना लिहिता-वाचता येतं, त्या रोज मांडतात, आणि संध्याकाळी मी आलो की आधी तेच सांगतात : "आज सकाळी पाच हुतं, आता दोनच हाय."

भेटायला येणारे विचारतात, "ओळखतात का तुम्हाला?" आईच्या उशाशी बसून तिच्यासमोरच विचारतात. मी त्यांना आईचा हात हातात घ्यायला सांगतो. तिची पकड अजून घट्ट आहे, सोडवून घ्यावा लागतो हात. ज्यांना यायचं आहे त्यांनी यावं, बसावं, मार्केटातल्या जुन्या गप्पा माराव्यात. परीक्षा घेऊ नये.

शेवटी ब्युरोशी ठरवताना सुट्टीचं आधीच बोलून घ्या. गौरी-गणपती, जोतिबाची यात्रा, पेरणी-कापणी, या दिवसांत मावशी येऊ शकत नाहीत आणि तो त्यांचा हक्क आहे, पैसे कापू नका. बदली मावशी येणार असतील तर त्यांना एक दिवस आधी बोलवा, त्या दिवसाचे पैसे द्या, आणि जुन्या मावशींबरोबर दोन्ही जेवणांना बसवा. कागदावर लिहून दिलेलं भरवणं कुणाला जमत नाही, बघूनच जमतं. आमच्याकडं या चैत्रात मावशी गावी गेल्या तेव्हा बदली कुणी मिळालंच नाही. आक्का येऊन राहिली. तिनं मावशींकडून सगळं शिकून घेतलेलं होतं. आता आईचा घास तिच्या हातून मावशींपेक्षाही बरा जातो, त्यामुळं महिन्याचा पहिला आठवडा ती इकडंच असते आणि तेवढ्या दिवसांचे मावशींचे पैसे आम्ही चालूच ठेवलेत.